ट्रकच्या पुढच्या चाकातला आवाज: तो कधी बदलतो ते आधी बघा

ट्रकच्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बेअरिंग गेलं असेल, बदलून टाक." बेअरिंग बदललं जातं, पैसे जातात, एक फेरी बुडते, आणि गोव्यातल्या वेर्ण्याहून माल भरून बोरीचा पूल ओलांडेपर्यंत तोच आवाज परत सुरू होतो. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. बेअरिंग खरोखरच जात असतं, पण "टायर खाल्लाय, त्याचा आवाज आहे" असं म्हणून भरलेली गाडी चोर्ला घाटात चढवली जाते.

दोन्ही वेळी निदान फक्त आवाज ऐकून केलेलं असतं. कोणी त्याला घूं म्हणतो, कोणी खरखर, कोणी गुरगुर. प्रत्येकाचा कान वेगळा, आणि केबिन पुढच्या ॲक्सलच्या डोक्यावरच असल्यामुळे चेसिसमधून येणारा कुठलाही आवाज पुढच्या चाकातलाच वाटतो. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी बदलतो हे बघणं फार जास्त उपयोगाचं. वेग वाढला की बदलतो का? वळणावर? ब्रेक दाबल्यावर? रस्ता बदलल्यावर? फक्त खड्ड्यात येतो का? गाडी मोकळी असताना वेगळा आणि भरलेली असताना वेगळा येतो का? या प्रश्नांची उत्तरं ड्रायव्हरकडेच असतात. मेस्त्री कितीही जाणकार असला तरी त्याच्यासमोर येते ती उभी गाडी.

चाकाच्या आत काय असतं

बहुतेक ट्रकांचा पुढचा ॲक्सल म्हणजे ठोकून घडवलेला जाड पोलादी बीम. त्याच्या दोन्ही टोकांना किंगपिन असतो, म्हणजे एक उभा, जाड पिन. स्टिअरिंग फिरवलं की स्टब ॲक्सल या पिनभोवती डावी-उजवीकडे वळतो. स्टब ॲक्सलचा आडवा दांडा बाहेर आलेला असतो आणि त्यावर हब बसतो. हब आणि दांडा यांच्यामध्ये दोन बेअरिंगं असतात: आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. दोन्ही टेपर, म्हणजे त्यांचे रोलर एका टोकाला किंचित निमुळते. त्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही ती झेलतात. हबला ड्रम आणि चाकाची डिस्क लागते. आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेर टोपी, आणि सगळं जागेवर धरून ठेवणारा एक नट. तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन किंवा लॉक वॉशर.

भरलेल्या दोन ॲक्सलच्या ट्रकमध्ये पुढच्या ॲक्सलवर सहा टनांच्या आसपास भार असतो. म्हणजे एका चाकावर तीन टन, आणि हा सगळा भार त्या दांड्याच्या खालच्या अंगाला टेकतो. घाट उतरताना ब्रेक लागला की वजन आणखी पुढे येतं.

या रचनेत काही भाग फिरतात आणि काही फिरत नाहीत. टायर, डिस्क, हब, ड्रम आणि बेअरिंगची बाहेरची रिंग, म्हणजे कप, हे फिरतात. दांडा, त्यावर बसलेली आतली रिंग म्हणजे कोन, ब्रेक शू, किंगपिन, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायरॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) हे फिरत नाहीत. फिरणाऱ्या भागाचा आवाज चाकाच्या वेगाला बांधलेला असतो. न फिरणाऱ्या भागाचा आवाज खड्ड्याला, स्टिअरिंगला किंवा ब्रेकला बांधलेला असतो. एवढी एक फाळणी डोक्यात ठेवली की निम्मं काम झालं.

चालवताना करायच्या परीक्षा

सगळ्यात आधी इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला काढा. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने, समजा ४० ने, आधी एका गिअरमध्ये आणि मग त्याच्या खालच्या गिअरमध्ये चालवा. इंजिनचे फेरे बदलले पण चाकाचे तेवढेच राहिले. आवाज जसाच्या तसा राहिला तर तो इंजिन-गिअरबॉक्सचा नाही. तो चाकांचा, टायरांचा किंवा शाफ्टचा. काही जण यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडतात. घाटात किंवा उतारावर हे कधीही करू नका. गिअर बदलून तेच कळतं.

मग टायर की बेअरिंग? दोघांचाही आवाज वेगाबरोबर चढतो, म्हणून इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. यात रस्ता मदत करतो. नव्या गुळगुळीत डांबरावरून उखडलेल्या भागावर गेलात, किंवा पुलाच्या काँक्रीटवर चढलात, की टायरचा आवाज लगेच वेगळा होतो. बेअरिंगला खाली कोणता रस्ता आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याची गुरगुर तशीच चालू राहते. शंका उरली तर टायरवरून हात फिरवा, गाडी उभी असताना, एकदा पुढे आणि एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा जागोजागी खळगे लागले, तर आवाज टायरचा असण्याची शक्यता मोठी. पण तिथे थांबू नका. टायर असा का खाल्ला गेला, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा ढिला किंगपिन, मेलेला जंपर (शॉक ॲब्सॉर्बर) किंवा सैल बेअरिंग हेच असतं.

टकटक आवाज असेल तर मोजा. १०.०० × २० मापाच्या टायरचा घेर तीन मीटरांहून थोडा जास्त असतो. गाडी २० च्या स्थिर वेगाने चालली तर १० सेकंदांत साधारण ५५ मीटर जाते, म्हणजे चाक १७ वेळा फिरतं. क्लीनरला घड्याळ धरायला सांगा आणि टकटक मोजा. १६, १७, १८ असा आकडा आला तर काहीतरी फेरीत एकदाच लागतंय. टायरच्या खाचेत अडकलेला जांभा दगड किंवा खिळा, टायरला आलेला फुगा, ढिला व्हील नट, डिस्कला गेलेला तडा. यातला दगड सोडला तर बाकी सगळं ताबडतोब थांबून बघण्यासारखं आहे.

बेअरिंगचा आवाज टकटक न येता गुरगुर म्हणून का येतो, हेही याच हिशेबात कळतं. आतली रिंग स्थिर असते, आणि भार तिच्या खालच्या अंगाला असल्यामुळे पहिला खड्डा बहुतेक तिथेच पडतो. चाक एक फेरी फिरतं तेव्हा रोलरांची माळ साधारण अर्धी फेरी फिरते. माळेत वीसएक रोलर असतील तर एका फेरीत दहाबारा रोलर त्या खड्ड्यावरून जातात. ४० च्या वेगाला सेकंदाला तीन-साडेतीन फेऱ्या, म्हणजे पस्तीस-चाळीस ठोके. एवढे ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग गुरगुर होते.

कोणत्या बाजूचं बेअरिंग हे वळणावर कळतं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर संशय उजव्या चाकावर. रिकाम्या, रुंद जागेत सावकाश नागमोडी चालवून हे बघता येतं. पण हा नियम शंभर टक्के चालत नाही. वळणावर बाजूचा रेटाही बदलतो आणि एकाच हबमधल्या दोन बेअरिंगांपैकी भार कधी एकावर, कधी दुसऱ्यावर जातो. त्यामुळे वळणाची परीक्षा म्हणजे इशारा समजा, निकाल नव्हे.

ब्रेकचं तुलनेने सोपं आहे. पेडल दाबल्यावरच येणारी लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरड म्हणजे ब्रेक शूवरचा लायनर (घासणारा थर) रिबिटांपर्यंत झिजलेला असू शकतो. मग ड्रमही चरे पडून जातो, म्हणून उद्यावर टाकू नका. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिल्या काही ब्रेकना खरखर होते. ती थोड्याच अंतरात गेली तर काळजी नाही. पेडल सोडूनही घासत राहत असेल, जळक्या लायनरचा वास येत असेल, तर ब्रेक सुटत नाहीये: रिटर्न स्प्रिंग थकलेली, कॅम शाफ्टचा बुश सुकलेला किंवा स्लॅक ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) जास्त ताणलेला. आणि एक लक्षात ठेवा, ब्रेक हलका दाबल्यावर गुरगुर कमी झाली म्हणजे दोष ब्रेकचाच, असं होत नाही. शू ड्रमला धरतात तेव्हा सैल हबही स्थिर होतो आणि बेअरिंगचा आवाजही दबतो.

न फिरणाऱ्या भागांचे आवाज खड्ड्यात किंवा स्टिअरिंग फिरवताना येतात. खड्ड्यात ठक्क असा एकच जड आवाज आला तर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे), शॅकल पिन (पाट्याच्या टोकाचा), पाट्याच्या डोळ्यातला बुश, जंपरचा बुश आणि तुटलेला पाटा, या क्रमाने बघा. यू-बोल्ट ढिला असेल तर त्याच्याखाली घासून चमकलेली जागा किंवा तांबडी गंजरेषा दिसते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि खालून कर्रर्र आलं तर किंगपिनखालचं थ्रस्ट बेअरिंग कोरडं पडलेलं असतं. ग्रीस मारताना चाक जमिनीवर असेल तर त्या दाबलेल्या जागेत ग्रीस शिरतच नाही, नुसतं निपलाच्या आजूबाजूने बाहेर येतं. ॲक्सल उचलून मारलं तर जातं.

चाक उचलून बघणं

गाडी सपाट जागेवर घ्या. पार्किंग ब्रेक बहुतेक ट्रकांत मागच्या चाकांना लागतो, तो ओढा आणि तरीही मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पावसात आपल्याकडची लाल माती मऊ पडते आणि भरल्या गाडीखालचा जॅक एका बाजूने खचतो, म्हणून खाली जाड फळी हवीच. ॲक्सल उचलला की बीमखाली घोडी (टेकू) लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली कोणीही जाऊ नये, मग घाई कितीही असो.

आता चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्टब ॲक्सलवर ठेवा. स्टब ॲक्सल फिरत नाही, पण बेअरिंगची खरखर त्यातून बोटांना लागते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवून मूठ कानाशी धरली तर आणखी स्पष्ट कळतं. चांगलं बेअरिंग फिरताना जवळजवळ गप्प असतं. नंतर दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच उचलून फिरवा. तुलना केल्याशिवाय "थोडी खरखर आहे" या वाक्याला अर्थ नाही.

पुढची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. टायर वर आणि खाली धरून, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, आत-बाहेर हलवा. ट्रकचं चाक जड असतं, म्हणून टायरखाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटून बघितलं तर बरं. चाक हललं की लगेच बेअरिंग म्हणू नका. टाकीत हवेचा दाब आहे याची खात्री करा, क्लीनरला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा, आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही चाक तसंच हलत असेल तर दोष किंगपिन किंवा त्याच्या बुशचा.

असं का होतं ते समजून घेतलं तर परीक्षा विसरायला होत नाही. ब्रेक शू स्टब ॲक्सलवर बसलेले असतात आणि ड्रम हबवर. ब्रेक दाबला की हब आणि स्टब ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, त्यांच्यामधल्या बेअरिंगची ढिलाई दिसेनाशी होते. किंगपिन मात्र स्टब ॲक्सल आणि बीम यांच्यामध्ये आहे, त्याला ब्रेक धरू शकत नाही. दोन मिनिटांचं हे काम न करता कितीतरी चांगली बेअरिंगं काढून फेकली जातात आणि झिजलेला किंगपिन तसाच राहतो.

मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. इथे चाक हललं आणि त्याबरोबर टायरॉडचा सांधाही खडखडला तर तो सांधा गेलेला. ड्रॅग लिंकसाठी (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) गाडी जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून, एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे करायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून सांधे बघायचे.

उष्णता

ज्याच्याकडे काहीच हत्यार नाही त्याच्याकडेही एक परीक्षा आहे. सपाट रस्त्यावर, फारसे ब्रेक न मारता पंधरावीस किलोमीटर चालवून थांबा आणि डाव्या-उजव्या हबची उष्णता ताडून बघा. हाताचा तळवा थेट टेकवू नका, आधी मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या. लेझरचं थर्मामीटर मिळालं तर उत्तमच. आकड्यापेक्षा फरक बोलतो. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर माझ्या मते ती गाडी पुढे नेऊ नये. ड्रम जास्त तापलाय की हबची टोपी, हेही बघा. ड्रम तापला तर ब्रेक, टोपी आणि मधला भाग तापला तर बेअरिंग.

फोंड्याहून मोलेपर्यंतचा रस्ता या परीक्षेसाठी चांगला, कारण अनमोड घाट अजून सुरू व्हायचा असतो. साखळीकडून जाणाऱ्यांना केरीला तीच संधी आहे. नाक्यावर गाडी थांबतेच, तेव्हा खाली उतरून दोन्ही पुढचे हब बघायला वेळ लागत नाही. घाट उतरून आल्यावर केलेली तपासणी कामाची नाही, तेव्हा ब्रेकमुळे सगळंच तापलेलं असतं.

आपल्याकडचं पाणी, धूळ आणि उभ्या गाड्या

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्याचा बेअरिंगशी संबंध असा. घाट उतरून आलेला हब चांगलाच तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. खाली सखल भागात साचलेल्या पाण्यात चाक बुडालं की हब झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सील थोडा जुना असेल तर ग्लासभर पाणी जायची गरज नसते, थोडं पुरतं. पाणी शिरलेलं ग्रीस पांढरट, दुधाळ दिसतं आणि धातूंमध्ये थर धरण्याची त्याची ताकद जाते. गाडी धुताना पंपाचा जोरदार फवारा थेट हबच्या आतल्या कडेवर मारणं, हे तर स्वतःच्या हाताने पाणी भरणं आहे. चवथीच्या आसपास, पाऊस ओसरू लागला की पुढचे हब उघडून ग्रीसचा रंग बघावा, असं मी प्रत्येक गाडीमालकाला आग्रहाने सांगतो.

खाणपट्ट्यात दुसरा शत्रू धूळ. डिचोली, सांगे, उसगावच्या रस्त्यांवर उडणारी तांबडी धूळ नुसती माती नसते, तिच्यात लोहखनिजाची बारीक भुकटी असते. भिंगं आणि दागिने घासून चमकवायला वापरतात ती तांबडी पूडही लोहाचं ऑक्साइडच आहे. ती सीलच्या ओठावर बसली की सील कापत जाते, आणि ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीसच घासायचं काम करू लागतं. म्हणून निपलाला ग्रीस गन लावण्याआधी निपल पुसणं ही टापटीप म्हणून करायची गोष्ट नाही. न पुसता मारलेली पहिली दाब त्यावरची भुकटी थेट किंगपिनमध्ये ढकलते.

तिसरं कारण गोव्यातल्या ट्रकमालकांनी फार सोसलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. अंगणात, शेताच्या कडेला, बंद गॅरेजांपुढे हजारो टिपर उभे राहिले. कर्जाचे हप्ते आणि कुटुंबांचे हाल यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. उभ्या चाकांच्या आत काय होत होतं याबद्दल फारसं बोललं गेलं नाही.

बेअरिंग फिरतं तोवर ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. गाडी एका जागी उभी राहिली की प्रत्येक रोलर रिंगच्या एकाच रेषेवर टेकून राहतो. तिथलं ग्रीस हळूहळू दबून बाजूला सरकतं, ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन खाली उतरतं, आणि दमट हवेतला ओलावा त्या उघड्या रेषेवर बसतो. तिथे गंज धरतो. अशा हबमधून काढलेली रिंग मी उसगावला हातात घेऊन बघितली आहे: खालच्या अर्ध्या भागावर सारख्या अंतरावर काळपट आडव्या रेषा, दोन रेषांमधलं अंतर बरोबर दोन रोलरांमधल्या अंतराएवढं. बाकी रिंग नव्यासारखी. अशी गाडी रस्त्यावर आणली की पहिल्या दिवसापासून गुरगुरते, आणि मालकाला वाटतं की टायर उभे राहून चपटे झालेत, चालून नीट होतील. टायरचा चपटेपणा गरम झाल्यावर बऱ्याचदा जातो. बेअरिंगवरची गंजरेषा जात नाही. तिच्या कडेने पोलादाचे कण सुटायला लागतात आणि खड्डा वाढत जातो. म्हणून एखादा पावसाळा उभी राहिलेली गाडी पुन्हा लावायची असेल, तर पुढचे हब उघडून, बेअरिंग धुऊन बघितल्याशिवाय तिच्यावर माल भरू नका. उभीच ठेवायची असेल तर अधूनमधून थोडी पुढे-मागे घ्या, म्हणजे रोलर तरी जागा बदलतील.

बदलायचं ठरलं तर

कप आणि कोन ही जोडी आहे. हबमधून कप काढायला मेहनत लागते म्हणून जुना कप ठेवून नुसता नवा कोन बसवला जातो. जुन्या कपावरची झीज नव्या रोलरांना लवकरच खाते. दोन्ही बदला, सीलही नवा घ्या. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नका. बिनग्रीसचे रोलर त्या वेगाला चरे पाडून घेतात आणि माळ तुटली तर रोलर गोळीसारखे उडतात. ग्रीस भरताना जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचं ग्रीस चढवू नका, काही जाती एकमेकींत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. नुसतं बाहेरून चोपडणंही पुरत नाही, रोलरांच्या माळेच्या आतपर्यंत तळहाताने दाबून भरावं लागतं.

आणि नट. माझ्या मते नवं बेअरिंग लवकर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हा नट आहे. "ढिला राहिला तर चाक जाईल" या भीतीने तो पूर्ण आवळला जातो. टेपर बेअरिंगला थोडी मोकळीक लागतेच. ट्रकच्या हबसाठी चालणारी मोकळीक साधारण ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर, म्हणजे जास्तीत जास्त वहीच्या एका कागदाएवढी. ती डायल गेजने मोजतात. पद्धत अशी की चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी नीट बसतात, मग कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा उलटा सोडायचा आणि लॉक करायचा. नवी स्प्लिट पिन घालायची, जुनी सरळ करून पुन्हा नाही. जास्त आवळलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा थर टिकत नाही, धातूला धातू लागतो, रोलर तापून निळे पडतात. काही नव्या गाड्यांत आधीच जुळवलेलं एकसंध बेअरिंग येतं, तिथे अंदाजाने आवळण्या-सोडण्याचा प्रश्नच नाही, मॅन्युअलमधला टॉर्क द्यायचा.

कधी एक किलोमीटरही पुढे जायचं नाही, तेही सांगतो. गुरगुर चालू होती आणि अचानक तिच्यात कडकड मिसळली. हबच्या टोपीतून किंवा आतल्या बाजूने पातळ ग्रीस गळतंय, धूर किंवा जळका वास येतोय. स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलंय किंवा थरथरतंय. एबीएस असलेल्या गाडीत आवाजाबरोबर एबीएसचा दिवा लागलाय, कारण हब सैल झाला की सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यातलं अंतर बदलतं. व्हील नटाभोवती गंजाच्या ताज्या रेघा उमटल्यात. यातलं काहीही दिसलं तर बेअरिंगची माळ तुटण्याची किंवा चाक निघण्याची वेळ जवळ आली असं धरा. पुढचं चाक घाटात निखळलं तर ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग उरत नाही, आणि समोरून येणाऱ्या कदंब बसमध्ये पन्नास माणसं असू शकतात. गाडी बाजूला घ्या, त्रिकोण लावा, मेस्त्रीला तिथे बोलवा. बुडालेली फेरी पुन्हा मिळते.

मेस्त्रीकडे जाताना आवाज फोनवर रेकॉर्ड करून न्या, क्लीनरला खिडकीजवळ धरायला सांगून. रेकॉर्ड करताना तोंडाने वेग आणि काय चाललंय ते बोलत जा: "आता ४०, आता डावं वळण, आता ब्रेक." गाडी भरलेली होती की मोकळी, तेही सांगा. टायर किंवा लायनर नुकताच बदलला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण शेवटी ज्याला हात लागला तिथून शोध सुरू करणं शहाणपणाचं.

चाक पुन्हा बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, तेवढं बघून घ्या. पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा तपासा, कारण डिस्क जागेवर बसली की ते थोडे सैल होतात. त्याच थांब्यावर दोन्ही हबना हात लावून बघा. नव्या बेअरिंगची बाजू सुरुवातीला किंचित जास्त गरम लागू शकते, पण फरक प्रत्येक थांब्यावर वाढत असेल तर नट जास्त आवळला गेलाय. गाडी तशीच पुढे न नेता परत उचला आणि मोकळीक पुन्हा मोजा.